अर्थ लागणे आणि अर्थ लावणे

मराठीत ‘अर्थ लागणे’ आणि ‘अर्थ लावणे’ असे दोन वाक्प्रयोग रूढ आहेत. दोहोंत अंतर केवळ एका अक्षराचे. ‘ग’च्या जागी ‘व’ आला की एकाचे दुसरे होते. परंतु या एका अक्षराच्या पालटाने कर्ता बदलतो. विहीर खणताना पाणी लागते तसा अर्थ लागतो. खणण्याचे श्रम आपले, पाणी मात्र आधीपासून तेथे असलेले. भिंतीला रंग लावावा तसा अर्थ लावला जातो. तेथे भिंत कोणतीही असो, रंग आपल्या डब्यातला. व्यवहारात हे दोन प्रयोग आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. ते तसे वापरता येतात का, आणि त्यांतील भेद हा केवळ भाषेचा आहे की नीतीचाही आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते एका करमणुकीच्या वाटेने. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आम्ही काही मंडळी रोज अक्षरपालटाचे एक कोडे सोडवितो. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर अशी आमची विखुरलेली वस्ती. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी परिचारिका, तर कोणी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेले. सकाळी एकजण कोडे पाठवितो. दिवसभर मंडळी आपापल्या भ्रमणध्वनीवर, कामाच्या फटीफटींतून त्याच्याशी झटतात आणि रात्री उत्तर जाहीर होते. नियम अगदी साधा आहे. एखादे मराठी वाक्य घ्यावयाचे व त्यातील प्रत्येक व्यंजनाच्या जागी दुसरे व्यंजन योजावयाचे. एकदा ‘म’च्या जागी ‘ठ’ धरला की संपूर्ण वाक्यात ‘म’ तेथे ‘ठ’च. काना, मात्रा, वेलांटी यांना हात लावावयाचा नाही.

वाचकांस कल्पना यावी म्हणून एक लहानसे उदाहरण घेऊ. ‘ठाठा डसी फेबे’ असे तीन शब्द पुढे आले. पहिल्या शब्दात एकच अक्षर काना घेऊन दोनदा आले आहे. मराठी कुटुंबाला या घाटाच्या शब्दांची काय वाण! काका, मामा, दादा, बाबा, नाना, सगळेच त्यात बसतात. उरलेल्या दोन शब्दांना ‘घरी गेले’ हे शब्द चपखल बसले, की वाक्य तयार झाले. पण कोण घरी गेले? ज्याच्या मनात काका असतील त्याला काका दिसतील, ज्याला मामांची ओढ असेल त्याला मामा. दोन्ही वाक्ये निर्दोष मराठी आहेत आणि दोन्ही नियमात बसतात. निकाल लागतो तो पुढच्या ओळीतील ‘सठबे’ या शब्दाने. ‘घरी’ आणि ‘गेले’ यांवरून ‘स’ म्हणजे ‘र’ आणि ‘ब’ म्हणजे ‘ल’ हे ठरलेलेच आहे. आता ‘ठ’ म्हणजे ‘क’ मानला तर ‘रकले’ असा निरर्थक शब्द हाती येतो. ‘द’ मानला तर ‘रदले’, ‘ब’ मानला तर ‘रबले’. ‘म’ मानला तरच ‘रमले’ होते. तेव्हा घरी गेले ते मामाच.

या क्षुल्लक खेळात तीन शिस्ती दडलेल्या आहेत. पहिली ही की, किल्ली सर्वत्र एकच असावी; एका शब्दात ‘ठ’ला ‘म’ आणि दुसऱ्या शब्दात सोयीनुसार ‘क’ म्हणता येत नाही. दुसरी, जेथे कळले नाही तेथे जागा कोरी ठेवावी. वाक्य पुरे दिसावे म्हणून ती भरू नये. तिसरी, आपला तर्क चारचौघांपुढे मांडावा आणि तो चुकीचा ठरला तर खोडरबर हाती घेण्यास लाजू नये. गटाचे महत्त्व या तिसऱ्या शिस्तीत आहे. एकट्याने सोडविणाऱ्याला आपले काका इतके प्रिय होतात की तो ‘रकले’ हाही एखादा जुना ग्रामीण शब्द असेल असे म्हणू लागतो! दुसरा कोणी शांतपणे ‘हा शब्द कोठे ऐकला?’ असे विचारतो, तेव्हा त्याची सुटका होते.

अक्षरांची अशी अदलाबदल माणसाने फार प्राचीन काळापासून केली आहे. बायबलच्या जुन्या करारात यिर्मयाच्या ग्रंथात (२५:२६) ‘शेशख’ नावाच्या राज्याचा उल्लेख येतो. या नावाचे राज्य नकाशावर कोठे शोधावयाचे? हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी उपान्त्य, असा क्रम उलटा केला की ‘शेशख’ म्हणजे ‘बाबेल’ हे उघड होते. या पद्धतीला ‘अत्बश’ असे म्हणतात आणि संत जेरोम यांनी यिर्मयावरील आपल्या भाष्यात तिचा उलगडा दिला आहे. मौज अशी की, पुढे त्याच ग्रंथात (५१:४१) एकाच वचनात शेशख आणि बाबेल ही दोन्ही नावे शेजारी शेजारी येतात. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगलेली! तेथे एक शब्द दुसऱ्या शब्दाची साक्ष देतो.

महाराष्ट्रात अशी साक्ष सहाशे वर्षे मिळाली नाही, त्याचा परिणाम काय झाला हेही पाहण्यासारखे आहे. श्रीचक्रधरांच्या महानुभाव पंथाने मराठीत आपले ग्रंथ रचले, आणि पुढे ते सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सकळ लिपी. ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणारे रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. देवनागरी अक्षरांची अदलाबदल हेच मुख्यतः तिचे स्वरूप. पवित्र वचने अनधिकारी हाती पडू नयेत हा हेतू त्यामागे असावा. परंतु फळ निराळेच मिळाले. बाहेरच्यांना ग्रंथ वाचता येईनात, म्हणून त्यांनी त्यांचा अर्थ लावला. जे इतके जपून लपविले जाते ते निंद्यच असणार, अशी एक सरधोपट किल्ली लोकांनी घडविली आणि पंथाविषयी नाना प्रवाद शतकानुशतके चालत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या परिश्रमाने या लिप्यांचा उलगडा होऊ लागला. तेव्हा आत काय निघाले? कृष्णभक्ती, अहिंसेचा उपदेश आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’सारखे मराठी गद्याचे आद्य लेणे. न वाचलेल्या मजकुरावर लोकांनी जे लिहिले होते, ते सारे त्यांच्या स्वतःच्या मनातले होते.

आता आमच्या उंबऱ्याशीच असलेल्या कोड्याकडे येऊ. जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरवर नाणेघाट आहे. कोकणातून देशावर चढणाऱ्या या प्राचीन वाटेच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दीर्घ लेख कोरलेला आहे. शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी येथील लेण्यांतूनही असे लेख विखुरलेले आहेत. लिहिणाऱ्यांना काहीच लपवावयाचे नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावे म्हणूनच तर त्यांनी पाषाण निवडला. तथापि कालांतराने ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत आणि उघड्यावरचा मजकूर आपोआप कुलूपबंद झाला. पिढ्यान्पिढ्या या भागातील गुराख्यांनी, व्यापाऱ्यांनी, सैनिकांनी ती अक्षरे पाहिली. वाचली कोणी नाहीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबारातील इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांनी वेरूळ आदी लेण्यांतील लेखांच्या नकला कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांच्याकडे धाडल्या. तेथून त्या काशीस फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. विल्फर्डला एका पंडिताने एक पोथी दाखविली आणि प्राचीन लिप्यांची किल्ली तीत आहे असे सांगितले. त्या किल्लीने लेख भराभर सुटले! पांडव वनवासात भटकत असताना त्यांच्या हितचिंतकांनी त्यांच्यासाठी ठरावीक खुणांच्या अक्षरांत खडकांवर संदेश लिहून ठेवले, असा तो मजकूर निघाला. लेणी पांडवांनी खोदली ही लोकसमजूत सर्वत्र होतीच. किल्लीने तिलाच दुजोरा दिला. ऐकणाऱ्यांना जे ऐकावयाचे होते तेच दगड बोलू लागला, मग शंका कोणी घ्यावी? ती किल्ली पूर्णतः बनावट होती.

या प्रकरणातील बोधाची गोष्ट अशी की, खोटी किल्ली अडखळत नाही. ती प्रत्येक कुलपाला लागते, कोठेही जागा कोरी सोडत नाही आणि उघडल्यावर आत आपलीच जुनी समजूत दाखविते. खऱ्या किल्लीचा अनुभव नेमका उलटा असतो. ती दहा ठिकाणी अडते आणि अकराव्या ठिकाणी असे काही दाखविते की जे शोधणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हते.

खरी किल्ली सापडली १८३७ साली. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यांवरील अनेक लहान लेखांच्या नकला आल्या. त्या न्याहाळताना त्यांच्या लक्षात आले की, बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. कोडे सोडविणाऱ्या कोणासही ही खूण ओळखीची आहे. जे वारंवार येते तेथून आरंभ करावा. देवस्थानाच्या बांधकामावर इतक्या निरनिराळ्या लोकांनी शेवटी एकच शब्द काय कोरला असेल? त्यांनी तर्क केला: ‘दानं’. ‘द’ आणि ‘न’ हाती आले, त्याआधीचे षष्ठीचे ‘स’ उमगले आणि पाहता पाहता वर्णमाला उलगडली. दोन हजार वर्षांचे मौन ज्या शब्दाने सुटले तो शब्द ‘दान’ हा होता, याचा आम्हांस आजही विस्मय वाटतो. विल्फर्डच्या किल्लीने महाकाव्यातील नायक दाखविले होते. प्रिन्सेपच्या किल्लीने सामान्य स्त्री-पुरुष दाखविले, ज्यांनी ऐपतीप्रमाणे एखादा खांब, एखादी शिळा अर्पण केली होती.

ही काही एकट्याची करामत नव्हती. आदल्याच वर्षी ख्रिश्चन लासेन या विद्वानाने अगॅथोक्लीस राजाच्या नाण्यावरील ग्रीक आणि ब्राह्मी अक्षरे शेजारी ठेवून राजाचे नाव वाचले होते. प्रिन्सेप यांना देशभरातून टपालाने नकला पाठविणारे अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार पंडित यांचा तो एक विखुरलेला गटच होता म्हणा ना! स्तंभांवरील ‘पियदसि’ राजा हा सिंहलद्वीपाचा असावा असा तर्क प्रिन्सेप यांनी प्रथम केला. सिंहलद्वीपातच राहून पाली ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज टर्नर यांनी ते नाव मौर्य सम्राट अशोकाचे असल्याचे दाखवून दिले, आणि प्रिन्सेप यांनी आपला तर्क बाजूस ठेवून ते स्वीकारले. वर्णमाला ज्याने उघडली त्या माणसाने खोडरबर हाती घेतला, ही घटना आम्हांस त्या उलगड्याइतकीच मोलाची वाटते.

त्याच १८३७ साली कर्नल साइक्स यांनी जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकला लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटच्या लेखातील अंकचिन्हे ओळखली आणि गाई, हत्ती, घोडे, कार्षापण अशा दक्षिणेच्या मोठमोठ्या संख्या बोलू लागल्या. जुन्नरच्या लेण्यांतही तोच शब्द वेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा भेटतो: ‘देयधम’, म्हणजे धर्मार्थ दिलेली देणगी. त्यांत तीन दाते स्वतःला यवन म्हणवितात. इरिल नावाच्याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्याने लेण्याचा दर्शनी भाग दिला. इरिल आणि चिट यांच्या नावांपुढे ‘गत’ लोकांचा निर्देश आहे. हे गत कोण? कोणी त्यांत युरोपातील गॉथ पाहिले, कोणी आणखी काही. विद्वानांचे एकमत झालेले नाही. इतक्या विद्वत्तेनंतरही ती जागा कोरी आहे, आणि ती कोरी आहे म्हणूनच बाकीच्या वाचनावर आमचा विश्वास बसतो.

येथवर दगडांविषयी झाले. दगडाचा चुकीचा अर्थ लावला तर दगडाला दुखत नाही. परंतु हीच रीत आपण माणसांना लावतो, आणि तेथे प्रश्न नीतीचा होतो.

प्रत्येक माणूस आपल्या शेजाऱ्यासमोर थोडीफार अपरिचित लिपीच असतो. त्याचे वागणे दिसते, कारण दिसत नाही. कोणी देवळात, चर्चमध्ये येईनासा होतो. कोणी मुलगा शहरातून घरी पैसे पाठवीनासा होतो. कोणी सून माहेराहून परत येत नाही. गाव त्याचा अर्थ लावते, आणि किल्ल्या फारशा नसतात: गर्व, दारू, बायकोचे ऐकणे, वाईट संगत. या चार किल्ल्यांनी दोन तालुक्यांतील सगळी घरे उघडता येतात, यावरूनच त्या बनावट आहेत हे ओळखावयास हवे.

ईयोबाच्या ग्रंथातील तीन मित्र याच चुकीचे आदिपुरुष होत. ईयोबावर संकटांमागून संकटे कोसळल्यावर ते त्याच्या भेटीस आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि त्यांच्यापाशी किल्ली तयार होती: जेथे दुःख, तेथे पाप. ईयोब वारंवार सांगतो की ही किल्ली माझ्या आयुष्याला लागत नाही. पण किल्ली टाकून देण्याऐवजी ते ईयोबालाच वाकवू पाहतात. अखेर देव कोपतो तो शंका विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, सारे काही समजले असे मानणाऱ्या मित्रांवर. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभू येशूला विचारलेला प्रश्नही याच जातीचा: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू त्या दोन्ही किल्ल्या नाकारतो.

याहून कठोर कसोटी एखाद्या तरुण माणसाने स्वतःहून जगाचा निरोप घेतल्यावर लागते. अशा घरासमोर गाव जमते, आणि चिता थंड होण्याआधी किंवा थडग्यावरची माती वाळण्याआधी कोडे सुटलेले असते. कोणी कर्ज म्हणतो, कोणी व्यसन, कोणी घरातली भांडणे. जो गेला त्याला हे ऐकू येत नाही. मागे राहिलेल्या पत्नीला, आईला मात्र पुढील सारे आयुष्य त्या लावलेल्या अर्थाच्या घरात काढावे लागते. ख्रिस्तसभेलाही या बाबतीत एक वाट चालावी लागली आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतील तशा यादीत आत्महत्येचा उल्लेख उरला नाही. कॅटेकिझम या नावाने परिचित असलेल्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, हे कृत्य गंभीर असल्याचे सांगूनही, मानसिक व्याधी, तीव्र भय वा यातना यांमुळे जबाबदारी उणावू शकते असे म्हटले आहे. आणि त्या व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये, देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी तो तिला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, अशी शिकवण दिली आहे. आमच्या कोड्याच्या भाषेत सांगावयाचे तर ती जागा कोरी ठेवली गेली. हा निष्काळजीपणा नव्हे. हा वाचनातील सर्वोच्च प्रामाणिकपणा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मग दुसऱ्याचा अर्थ लावूच नये काय? आपापल्या दारात गप्प बसावे काय? तसेही नव्हे. सकळ लिपीतील ग्रंथ कोणी वाचावयास घेतले नाहीत म्हणूनच तर निंदेला रान मोकळे मिळाले. न वाचणे हाही अन्यायच आहे. येईनाशा झालेल्या माणसाच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून त्याला विचारावे. त्याच्या एका शब्दाची साक्ष त्याच्याच दुसऱ्या शब्दाने घ्यावी. जी किल्ली त्याला लावतो ती आपल्या स्वतःच्या वागण्यालाही लावून पाहावी. स्वतःच्या आळसाला ‘थकवा’ आणि शेजाऱ्याच्या थकव्याला ‘आळस’ म्हणणारा माणूस एकाच अक्षराला दोन जागी दोन किंमती देत असतो, आणि हे तर कोड्यातही चालत नाही.

तरीही माणूस आणि कोडे यांत एक मूलभूत अंतर उरतेच, आणि ते विसरल्यास वरील सारे विवेचन व्यर्थ होईल. कोडे सुटावे म्हणून रचलेले असते, त्याला एक उत्तर असते, आणि ते रचणाऱ्याच्या वहीत लिहिलेले असते. रात्री ते जाहीर होते आणि आपण चुकलो असल्यास कळते. माणूस दुसऱ्याने सोडवावा म्हणून जन्मास आलेला नाही. त्याचे उत्तरही त्याच्या निर्मात्यापाशी आहे, परंतु ते रोज रात्री जाहीर होत नाही. त्यामुळे चुकीचा अर्थ लावणारा बहुधा आपली चूक न कळताच मरतो. जेथे उत्तर पडताळून पाहावयाची सोय आहे त्या खेळात आपण इतके सावध राहतो, एकेका अक्षरासाठी दहा शब्द तपासतो. आणि जेथे ती सोय नाही, जेथे एखाद्याची अब्रू, एखाद्याचे घर पणास लागलेले असते, तेथे पहिल्याच शब्दावर निर्णय देऊन मोकळे होतो. वास्तविक क्रम उलटा असावयास हवा.

आमच्या गटात एक अलिखित संकेत आहे. ज्याला उत्तर आधी सापडते त्याने ते सांगावयाचे नाही. कोणी अडले तर फार तर एक अक्षर सुचवावयाचे आणि थांबावयाचे. आरंभी आम्ही याकडे केवळ खेळाची गंमत टिकविण्याची युक्ती म्हणून पाहत होतो. आता वाटते, हा दुसऱ्याच्या बुद्धीविषयीचा आदर आहे. आपले वाचन दुसऱ्यावर न लादता त्याला त्याचे पाणी लागेपर्यंत सोबत करणे, एवढेच बहुधा माणसाने माणसासाठी करावयाचे असते. जुन्नरच्या डोंगरात इरिलाने दोन टाकी दिली. त्याचे लोक नेमके कोण होते हे आपल्याला ठाऊक नाही, पण त्याने पाणी दिले हे निश्चित वाचता येते. आपल्या शेजाऱ्याविषयीही इतके जरी निश्चितपणे वाचता आले, आणि उरलेले आपण नम्रपणे कोरे ठेवू शकलो, तरी त्या वाचनाने आपण त्याच्यावर अन्याय करणार नाही.